डॉ. कोटणीस : युद्धातील अध्यापक

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी परळच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक उभे केले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस हे पाचजण सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून निघाले. वाटेत वडिलांच्या निधनाची बातमी आली, तरीही कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोचले.

१९४६ च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे रणांगणावरचे शल्यविशारद म्हणून कोटणीस घरोघरी पोचले. त्यांचे शिकवण्याचे काम मात्र मागे पडले, आणि खरे मोल त्याचेच अधिक आहे. उत्तर चीनमधील गनिमी तळांवर शिकलेले डॉक्टर जवळजवळ नव्हतेच. एका शल्यविशारदाच्या हातून होतील तेवढ्याच शस्त्रक्रिया होणार. गावाकडच्या तरुणांना तयार केले तरच जखमींची सोय लागणार होती. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी हे ओळखून तिथे शिक्षणाचा पाया घातला होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी कोटणीस त्याच भागात गेले आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

तिथे ते चिनी भाषेतूनच शिकवत. पाठ्यपुस्तके मिळत नसत, म्हणून शस्त्रक्रियेवरचे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिले. जपानी फौजांच्या मोहिमा सुरू झाल्या की रुग्णालय आणि वर्ग दोन्ही डोंगरातल्या गावांत हलवावे लागत. याच संस्थेत परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा नोव्हेंबर १९४१ मध्ये विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. अपस्माराचा त्रास असूनही काम थांबले नाही. त्याच आजारात ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले. शस्त्रक्रियेवरचे दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

याच युद्धात नानकिंगच्या जिनलिंग महिला महाविद्यालयात हजारो स्त्रियांना आसरा देणाऱ्या अमेरिकन मिशनरी शिक्षिका मिनी व्हॉट्रिन यांची रोजनिशी येल विद्यापीठाने जपली आहे. तिच्या आधारे त्यांचे दिवस सलगपणे वाचता येतात. कोटणीसांचे आयुष्य मात्र अनेक ठिकाणच्या लिखाणांतून जुळवून घ्यावे लागते. त्यांत घरच्यांना धाडलेली पत्रे आहेत, विद्यार्थ्यांसाठी केलेले लेखन आहे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी आहेत. यांत डॉ. बसूंची रोजनिशी सर्वांत मोलाची, कारण ती त्या दिवसांतच लिहिली गेली. ती १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आली. १९४० मध्ये बसू आणि कोटणीस यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्यामुळे अखेरच्या दोन वर्षांसाठी कुओ छिंगलान यांच्या आठवणींकडे वळावे लागते. वर्गातले आणि घरातले कोटणीस त्यांनीच सर्वांत जवळून पाहिले होते.