‘आघाडी’ आणि वादळ

हवामानशास्त्रातील ‘आघाडी’ ही संज्ञा रणभूमीवरून आलेली आहे. १९१७ नंतर नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब व सहकारी यांनी उष्ण आणि थंड वायुराशींमधील सीमांचा अभ्यास केला; पहिल्या महायुद्धाची छाया ताजी असताना त्या सीमांना ‘फ्रंट’ हे नाव रूढ झाले. मराठीने त्याची ‘आघाडी’ केली. शब्द समर्पक खरा. परंतु दोन सैन्यांप्रमाणे वायुराशी एकमेकींवर आदळतात आणि त्या आघातातून वादळ जन्मते, असा ग्रह त्यामुळे होतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

थंड हवा अधिक घन, म्हणून जड असते. पुढे सरकताना ती उष्ण हवेखाली पाचरीसारखी शिरते व तिला वर उचलते. ही पाचर मुळीच उभट नसते. ५० ते १०० किलोमीटर अंतरात सुमारे १ किलोमीटर, एवढाच शीत आघाडीचा चढ. आघाडीचे मुख्य कार्य उचलण्याचे. वादळाची शक्ती उचलल्या गेलेल्या हवेत आधीच साठलेली असते. दमट हवा वर जाताना थंड होते, बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि त्यातील सुप्त उष्णता मोकळी होते. त्यायोगे ती भोवतालच्या हवेहून उष्ण राहिली, की पुढे तिला कोणी उचलावे लागत नाही. ती आपल्याच बळाने १० किलोमीटरांहूनही उंच चढते. (आपला वळीव तर बहुधा आघाडीवाचूनच येतो.) त्यातच उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असतील, तर चढणारा प्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो. अशा काही फिरत्या मेघांतूनच भीषण टॉर्नेडो उतरतात.

३ व ४ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेत सुमारे चोवीस तासांत १४८ टॉर्नेडो झाले. ३०० हून अधिक माणसे दगावली. ओहायो राज्यातील झीनिया गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा खाली पसरली होती आणि वरून प्रबळ वारे वाहत होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की यांतील बहुतेक वादळे शीत आघाडीच्या रेषेवर नव्हे, तर तिच्या पुढे, उष्ण हवेच्या प्रदेशात उसळली. नकाशावरील रेषा अद्याप दूर असतानाच गावे कोसळत होती. म्हणूनच धोक्याची सूचना देणारे तज्ज्ञ रेषेइतकेच, किंबहुना अधिक लक्ष, तिच्या पुढील हवेतील बाष्प, उष्णता व वारे यांकडे देतात.