दाब कमी झाला की मोटार का जळते? व्होल्टेज, करंट आणि पॉवरचे सोपे गणित

विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असेल तर मोटारही कमी वीज ओढेल, असे वाटू शकते. प्रत्यक्षात उलट घडते. पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, त्यामुळे मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि शेवटी जळते.

मूळ सूत्रे

- रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट (अँपिअर)
- पॉवर (वॅट) = व्होल्टेज × करंट
- तारेत तयार होणारी उष्णता (वॅट) = करंट × करंट × रोध

ही सूत्रे साधी तार किंवा हीटरला थेट लागू होतात. मोटारीत मात्र चुंबकीय परिणामही असतो. म्हणून व्होल्टेजला करंटने भागून वाइंडिंगचा रोध मिळत नाही. थ्री फेज मोटारीसाठी सूत्र असे:

पॉवर = १.७३ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर

उदाहरण : ५ एचपी सबमर्सिबल पंप

समजा व्होल्टेज ४१५, करंट ९ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ आहे.

१.७३ × ४१५ × ९ × ०.८ = सुमारे ५,१७० वॅट

५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट. ही मोटारीच्या शाफ्टवर मिळणारी ताकद आहे. उरलेली वीज मुख्यतः उष्णतेत जाते.

आता व्होल्टेज ३५० वर आले. पॉवर आणि पॉवर फॅक्टर तेच धरले, तर करंट सुमारे १०.७ अँपिअर होतो. करंट १९ टक्क्यांनी वाढला, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्यामुळे वाइंडिंगमधील उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

केबलमध्येही वीज वाया जाते

तांब्याच्या १ चौ. मिमी तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. २.५ चौ. मिमी केबल २०० मीटर असेल, तर एका तारेचा रोध:

०.०१८ × २०० ÷ २.५ = १.४४ ओहम

९ अँपिअरला प्रत्येक तारेत सुमारे १३ व्होल्ट पडतात. तिन्ही तारांत मिळून ३ × ९ × ९ × १.४४ = सुमारे ३५० वॅट वाया जातात. आठ तास पंप चालला तर रोज २.८ युनिट. ६ चौ. मिमी केबल घेतली, तर हाच तोटा सुमारे १४५ वॅटवर येतो.

काय करावे?

- पंप चालू असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट आणि स्टार्टरवरील व्होल्टेज तपासावे. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.
- करंटची तुलना मोटारीच्या नेमप्लेटवरील आकड्याशी करावी. तो जास्त असेल तर पंप बंद ठेवून कारण शोधावे.
- ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरील करंटनुसार सेट करावा. रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून सेटिंग वाढवू नये.
- एका फेजचा करंट बाकी दोन फेजपेक्षा बराच वेगळा दिसल्यास पुरवठा आणि केबलचे जोड तपासावेत.
- लांब अंतरासाठी जाड केबल निवडावी.

नेमप्लेटवरील व्होल्टेज आणि करंट वहीत लिहून ठेवावा व हंगामात अधूनमधून मोजणी करावी. बिघाड आधीच लक्षात आला, तर रिवाइंडिंगचा खर्च वाचतो आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक ताणावर जात नाही.