पाचच्या मोटारीचं माप

अरुणावतीच्या काठच्या वावरांत ताकद मोजायचं माप सगळ्यांना पाठ आहे: तीनची मोटार, पाचची मोटार, साडेसातची मोटार. विहिरीला पाणी किती, याचं उत्तरही पाचची मोटार किती तास ओढते यावर मिळतं. पाच हॉर्सपॉवरची ही मोटार चालू असताना तासाला साधारण साडेचार युनिट वीज घेते. आर्णीच्या कास्तकाराला हा आकडा समजावून द्यावा लागत नाही. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे बॅटरी आणि विजेची मोटार बसवायची, तर काय काय घडतं, याचा हिशेब याच मापाने करू.

गाडी आपल्याच देशातली घेऊ. सॅन मोटर्सने 1998 मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. ती गोव्यात तयार होत असे. तिचं अंग फायबरग्लासचं, म्हणजे न गंजणारं, आणि इंजिन रेनॉचं, 1149 सीसीचं, सुमारे 60 हॉर्सपॉवरचं. आपल्या मापाने बारा पंप. आता हिच्या शेजारी 1968 ची जग्वार ई-टाइप ठेवा. जग्वारने ती विजेवर आणून 2017 मध्ये ‘ई-टाइप झीरो’ या नावाने दाखवली आणि 19 मे 2018 रोजी ब्रिटनचे राजपुत्र हॅरी लग्नानंतर हीच गाडी चालवत स्वागत समारंभाला गेले. तिच्या मोटारीची ताकद 220 किलोवॅट. पाचच्या 59 मोटारी एकाच बॉनेटखाली!

तासाला तीन लाख स्फोट

पेट्रोल इंजिन म्हणजे मोजूनमापून केलेले स्फोट. चार सिलिंडरच्या इंजिनात दांडा एकदा फिरला की दोन स्फोट होतात. आर्णीहून यवतमाळकडे नागपूर–तुळजापूर महामार्गाने जाताना इंजिन मिनिटाला 2500 फेरे घेतंय असं धरा. मिनिटाला 5000 स्फोट होतात, तासाला तीन लाख. पाय दाबून फेरे 6000 वर नेले तर एका सेकंदात दोनशे. प्रत्येक स्फोटासाठी झडप वेळेवर उघडायची, ठिणगी वेळेवर पडायची, जळालेला वायू वेळेवर बाहेर जायचा. विजेच्या मोटारीत फिरतो तो एक रोटर, दोन बेअरिंगांवर.

30 किलो विरुद्ध 450 किलो

मग सगळ्या जुन्या गाड्या विजेवर का आल्या नाहीत? कारण पुढचा आकडा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. 40 लिटरच्या टाकीत 360 युनिट, आणि या पेट्रोलचं वजन फक्त 30 किलोच्या आसपास. तेवढ्या युनिटांवर पाचची मोटार ऐंशी तास चालेल.

आता बॅटरी पाहा. लोटस एलिस या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बांधणीवर टेस्लाने 2008 मध्ये ‘रोडस्टर’ आणली. तिच्या बॅटरीत 53 युनिट मावत आणि वजन होतं सुमारे 450 किलो. कापसाची एक गाठ 170 किलोची, म्हणजे अडीच गाठींहून जास्त वजन त्या नाजूक गाडीच्या पाठीवर. किलोमागे हिशेब केला तर पेट्रोल त्या बॅटरीपेक्षा शंभरपट ऊर्जा बाळगतं. बॅटऱ्या त्यानंतर हलक्या झाल्या, पण दरी अजून कित्येक पटींची आहे.

त्या बॅटरीत 6831 सेल होते. प्रत्येक 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, बोटाएवढा. ते एकापुढे एक मांडले तर ओळ 444 मीटरची होईल. 69 सेल शेजारी शेजारी जोडून एक गट, असे 9 गट ओळीने जोडून एक थर आणि असे 11 थर. एका सेलचा दाब पावणेचार व्होल्टहून जरा कमी, तरी ओळीतल्या 99 गटांची बेरीज 366 व्होल्टच्या घरात जाते.

सायलेन्सरमधून गेलेले आठ तास

शंभरपटीच्या दरीवर पूल बांधणारा आकडा इथे येतो. स्टॉर्मसारखी लहान गाडी लिटरला 15 किलोमीटर देते असं धरू. आर्णी–यवतमाळ जाऊन-येऊन साधारण 80 किलोमीटर. त्याला सव्वापाच लिटरच्या वर पेट्रोल लागेल, म्हणजे 48 युनिट. तेवढीच हलकी गाडी विजेवर चालली तर किलोमीटरला सुमारे 0.15 युनिट पुरतं. 80 किलोमीटरला 12 युनिट. रस्ता तोच, माणसं तीच, खर्च चौथाई.

उरलेले 36 युनिट रेडिएटर तापवण्यात आणि सायलेन्सरमधून हवेत गेले. पाचची मोटार तेवढ्यात आठ तास चालते. शेतीच्या फीडरवर दिवसाला थ्री फेज लाइन साधारण आठ तासच मिळते. यवतमाळच्या एका फेरीत एका वावराच्या दिवसभराच्या पाण्याएवढी ऊर्जा नुसती तापून जाते.

हिशेब अर्धा सोडणं मात्र योग्य नाही. वीजही कुठेतरी तयार होते. शेजारच्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. पाचच्या जवळपास साडेसहा लाख मोटारी एकाच वेळी चालवण्याएवढं! पण कोळशाच्या केंद्रात शंभरातली पस्तीसेक युनिटंच वीज होऊन बाहेर पडतात. त्यात तारांमधली आणि चार्जिंगमधली गळती मिळवली, तर आपल्या 12 युनिटांसाठी कोळशाची चाळीसच्या वर युनिटं जळतात. पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च आपण 48 मध्ये धरलेला नाही हे खरं, तरीही कोळशाच्या विजेवर फायदा फार मोठा उरत नाही. खरा फायदा दिसतो तो छतावर. विदर्भाच्या उन्हात 3 किलोवॅटची सौर पॅनेलं वर्षाच्या सरासरीने दिवसाला 12 युनिटांच्या आसपास देतात. सुमारे तीनशे चौरस फुटांचं छत, आणि रोजची एक यवतमाळ फेरी.

ही अदलाबदल आपण आधीच केली आहे

वजनाच्या दरीतून वाट कशी काढायची, हे ई-टाइपने दाखवलं. तिची बॅटरी 40 युनिटांची, मूळ सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या जागेत बसेल एवढीच ठेवली. गाडी मूळच्यापेक्षा 46 किलोंनी हलकी झाली. स्टॉर्मसाठीही तोच न्याय लावा. किलोला 0.15 युनिट देणारी आजची बॅटरी 20 युनिटांची घेतली तर वजन 133 किलो, कापसाच्या एका गाठीपेक्षा कमी. इंजिन, टाकी, रेडिएटर, सायलेन्सर उतरवून शंभरेक किलो आधीच कमी झालेले असतात. पल्ला 130 किलोमीटर. यवतमाळला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर शिल्लक.

आणि जी मोटार बसवायची, ती आपल्याला अनोळखी नाही. रोडस्टरमध्ये थ्री फेज इंडक्शन मोटार होती. विहिरीवरची मोटार त्याच जातीची. 1888 मध्ये निकोला टेस्लाला जिचं पेटंट मिळालं, तीच कल्पना दोन्हीकडे. विहिरीवर लाइनची वारंवारता 50 वर बांधलेली, म्हणून पंप मिनिटाला 2900 च्या आसपास फेऱ्यांवर अडून राहतो. गाडीत इन्व्हर्टर ही वारंवारता हवी तशी वरखाली करतो, म्हणून तीच मोटार थांबलेल्या गाडीला ओढते आणि 14,000 फेऱ्यांपर्यंतही जाते. आपल्या विहिरींवर एकेकाळी डिझेल इंजिनं धडधडत होती. लाइन आली, इंजिन उतरलं, मोटार बसली. विहीर तीच राहिली. गाडीच्या बाबतीतही अंग तेच ठेवायचं आहे.

मात्र हे काम गॅरेजात जुगाड करून करायचं नाही. स्टार्टरच्या पेटीत हात घालताना आपण जपतो, त्याहून जास्त इथे जपायला हवं. बॅटरीची डीसी वीज एसीसारखी सेकंदाला शंभरदा शून्यावर येत नाही, त्यामुळे पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. एआयएस-123 या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं किटच बसवायचं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर बदलाची नोंद करून घ्यायची.

घरात जुनी, न गंजलेली, जीव लावलेली गाडी उभी असेल तर ती भंगारात देण्याआधी एक वही घ्या आणि महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा. त्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आकड्याला 0.15 ने गुणा. जे उत्तर येईल, तेवढ्याच युनिटांची आणि वर थोड्या राखीव युनिटांची बॅटरी तुमच्या गाडीला पुरे आहे.