अढीतला हापूस आणि बाजारातली पत

हापूस झाडावरून उतरवला तरी त्याचे पिकणे थांबत नाही. फळ स्वतःच इथिलीन वायू सोडते आणि त्याच्या इशाऱ्याने पिष्टाची साखर होऊ लागते. रत्नागिरीचा बागायतदार पेंढ्याच्या अढीत हेच निवांत घडू देतो. घाईतला व्यापारी मात्र पेटीत कॅल्शियम कार्बाइडची पुडी सरकवतो. ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन निघतो, इथिलीनची नक्कल करतो. सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. साल रंगते, गर आंबटच राहतो. म्हणून कार्बाइडला देशात बंदी आहे. ठरावीक मात्रेत इथिलीन वापरायला मात्र परवानगी आहे.

अढीला दिवस लागतात, पहिल्या चढ्या भावाचा मोह सोडावा लागतो. तरीही हा सौदा तोट्याचा नाही, असे मला ठामपणे वाटते. कारण फळ कुठले, याला आता मोल आहे: 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. काही बागायतदार आता पेटीवर क्यूआर कोड लावतात, त्यातून बाग कळते. बागेचे नाव उघड असले की फसवणूक झाकता येत नाही आणि गोड निघालेल्या पेटीचे गिऱ्हाईक पुढच्या मोसमात दलालाला वगळून थेट बागेत फोन करते.

पेटी घेताना रंगावर जाऊ नका, देठाजवळ वास घ्या. आंबा कसा पिकवला, हेही विक्रेत्याला विचारा.