शेपटीची गोष्ट

गेल्या आषाढात मुंबईहून आलेला माझा नातू एका दुपारी शेजारच्या मुलांबरोबर ओढ्यावर जाऊन आला, तो तणतणतच. लोणावळ्याचा पाऊस, ओढा फुगलेला. सगळे पाण्यात उतरले, शेजाऱ्यांचा मुलगा मात्र एकटा काठावर उभा राहिला.

"एक नंबरचा कावर्ड आहे तो, आजोबा!"

"कावर्ड म्हणजे काय रे?"

"घाबरट. त्यात काऊ आहे ना? गाईसारखा!"

मला हसू आले. पण त्या बिचाऱ्याला तरी का हसावे? या शब्दात गाय, निदान गुराखी तरी दडलेला आहे, असे इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही कित्येकांना वाटत आले आहे. प्रत्यक्षात त्यात गाय नाही, आहे ती नुसती शेपटी. लॅटिनमध्ये शेपटीला 'काउडा' म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'कुआर' झाला आणि तो इंग्रजांकडे 'कावर्ड' होऊन आला. शेवटचा 'अर्ड' हा नावे ठेवणारा प्रत्यय, 'ड्रंकर्ड'मध्ये आहे तोच. मध्ययुगातल्या फ्रेंच कोल्हेकथांत सशाचे नावच 'कुआर' आहे. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या चिन्हांत मागच्या पायांत शेपूट घातलेला सिंह असला, तर त्यालाही 'कावर्ड'च म्हणतात.

आणि आपण काय म्हणतो? 'शेपूट घातले!' पॅरिसचा कुत्रा काय आणि वडगावचा काय, भ्याला की एकच करतो. माणसांनी दोन्हीकडे ते पाहिले आणि आपापल्या भाषेत आणून ठेवले.

वडगावचे नाव निघाले की मावळच्या माणसाला १७७९ साल आठवतेच. राघोबादादांना पुण्यात बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली होती. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल कापायला तिला अकरा दिवस लागले. समोर महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर. मराठे झुंजत होते आणि मागे सरत होते. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली, तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले. ना दाणा, ना वैरण. पुणे अवघे अठरा मैल राहिले असताना ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवले आणि ते परत फिरले. वडगावात त्यांची कोंडी झाली आणि तह लिहून द्यावा लागला.

म्हणजे माघार दोघांनीही घेतली, मराठ्यांनी तर आधी. मग शेपूट कोणी घातले? पाऊल मागे पडणे हीच भ्याडपणाची खूण धरली, तर जिंकणाऱ्या महादजींनाच भित्रे म्हणण्याची पाळी येईल! इंग्रजांच्या बाजूलाही तेच. परतीच्या वाटेवर कॅप्टन हार्टले आणि त्याच्या हाताखालचे देशी शिपाई पिछाडी अडवून लढत होते. तेही मागेच चालले होते, पण पुढच्यांना सांभाळत. कंपनीने पुढे कार्नाक, इगर्टन आणि कॉकबर्न या मोहिमेच्या तिन्ही म्होरक्यांना नोकरीतून काढले. हार्टलेला नाही.

याच मोहिमेत ४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. तो आपल्यावर चालून आलेला शत्रू. तरी मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' असा झोकदार किताब दिला. वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात. शत्रूच्या शौर्याचे माप इतके चोख घालणाऱ्या भाषेत भ्याडपणाचे मापही जपूनच घालायला हवे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? बँकेत असताना एका संध्याकाळी रोकड जुळेना. रात्री उशिरा घरी मला आठवले, चूक माझी होती. एका व्हाउचरवर मी न वाचता सही केली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तरुण कॅशियरला सर्वांसमोर झापले, त्याच्या हाती मेमो ठेवला. मी समोरच होतो. बढतीची यादी लागायची होती. पळालो नाही, खुर्चीतून हललोदेखील नाही. चार दिवसांनी साहेबांच्या खोलीत जाऊन खरे काय ते सांगितले, मेमो मागे घेतला गेला. पण त्या पोराने चार रात्री कशा काढल्या असतील, ते विचारायचा धीर मला पुढेही झाला नाही. भीती सर्वांनाच वाटते. आपल्या भीतीची किंमत दुसऱ्याला मोजू दिली, की शेपूट पायांत गेलेच म्हणून समजावे.

नातवाला मी यातले सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले, की ३० जून २०२४ ला इथल्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. इथल्या मुलांना ते ठाऊक आहे. आणि सगळे मित्र हसत असताना काठावर एकट्याने उभे राहायला काय लागते, ते तूच एकदा उभा राहून बघ.

संध्याकाळी तो शेजारी जाऊन आला. बराच वेळ गप्प होता.

"काय म्हणाला रे तो?"

"विचारत होता, पाणी वाढलं असतं तर तू कशाला धरणार होतास?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही. उद्या आम्ही कॅरम खेळणार आहोत."