हंगेरियन वाक्याची वाट मराठी विभक्तीतून

युरोपातील भाषा शिकायची, तर आधी इंग्रजी व्याकरण पक्के हवे, असा मराठी माध्यमातील अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. हंगेरियनच्या बाबतीत तो टिकत नाही. या भाषेची वाक्यरचना समजून घेण्यास शाळेत घोकलेल्या मराठी विभक्तीच अधिक उपयोगी पडतात.

हंगेरी सरकारची 'स्टायपेंडियम हंगॅरिकम' शिष्यवृत्ती २०१३ मध्ये सुरू झाली. भारतीय विद्यार्थ्यांनाही ती मिळते. तेथे इंग्रजीतून शिकण्याची सोय असली, तरी बाजारात आणि बसमध्ये हंगेरियनवाचून अडते. म्हणूनच वाक्य कसे जुळते, हे निघण्यापूर्वी कळलेले बरे.

हंगेरियन आणि मराठी या सख्ख्या तर सोडाच, चुलत बहिणीही नव्हेत. हंगेरियनचे नाते फिनिश व एस्टोनियन भाषांशी आहे. साम्य आहे ते केवळ रचनेचे.

प्रत्यय शब्दाच्या शेवटी

कसारा मार्गावर खर्डीनंतर येणाऱ्या उंबरमाळीचेच उदाहरण घेऊ. 'उंबरमाळीत राहतो' हे वाक्य हंगेरियनमध्ये 'उंबरमाळीबॉन लॉकोम' असे होईल. दोन्हीकडे शब्द दोनच. इंग्रजीत स्थळाआधी येणारा शब्द येथे प्रत्यय होऊन शेवटी चिकटतो. 'मी' म्हणण्याची गरज नाही, कारण कर्ता क्रियापदावरूनच कळतो. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबॉन' घरात, 'हाझबोल' घरातून. मराठी व्याकरणात विभक्ती आठ, तर हंगेरियनमध्ये सुमारे अठरा. संख्या मोठी असली, तरी तत्त्व तेच.

प्रत्ययाचा स्वर मात्र शब्दातील स्वरांशी जुळवून घेतो. म्हणून मुंबईला 'बॉन', तर दिल्लीला 'बेन' लागतो. मराठीत असा नियम नाही. त्यासाठी कानाला सवयच लावावी लागते.

'कुत्रा' आणि 'कुत्र्याला'

नवशिक्याची खरी अडचण होते ती कर्मापाशी. कर्माला 'त' हा प्रत्यय लागतो. कुत्र्याला हंगेरियनमध्ये 'कुत्यॉ' म्हणतात. हे साम्य निव्वळ योगायोगाचे. कोणताही एक कुत्रा पाहत असल्यास 'कुत्यात लातोक' म्हणायचे. ठरावीक, माहितीतला कुत्रा असल्यास 'ऑ कुत्यात लातोम'. येथे 'ऑ' हे निश्चित वस्तू दर्शवते आणि त्याबरोबर क्रियापदाचे रूपही बदलते.

हा भेद मराठीला नवा नाही. 'मी कुत्रा पाहतो' आणि 'मी कुत्र्याला पाहतो' यांतही तो आहे. मराठी तो नामाच्या प्रत्ययाने दाखवते, हंगेरियन क्रियापदानेही दाखवते.

'च'चे काम जागेने

हंगेरियनमध्ये शब्दांचा क्रम लवचीक असतो, परंतु स्वैर नसतो. ज्या शब्दावर भर द्यायचा, तो क्रियापदाच्या लगेच आधी ठेवतात. 'पेतेर मॉ उतॉझिक देल्हिबे' म्हणजे पीटर आजच दिल्लीला निघतो. 'पेतेर देल्हिबे उतॉझिक मॉ' म्हटल्यास तो दिल्लीलाच निघतो. मराठीतील 'च' जे साधतो, ते तेथे जागा साधते. प्रश्नार्थक शब्दाचे स्थानही क्रियापदाआधीच असते.

'हा माझा भाऊ' या वाक्यात 'आहे' गाळलेले चालते. त्याचप्रमाणे 'पेतेर दिआक', म्हणजे 'पीटर विद्यार्थी', हेही पूर्ण वाक्य आहे. नाव सांगताना आडनाव आधी येते. महाराष्ट्रातील शाळेच्या हजेरीपटावर नाव घातलेल्यास हे नवल नव्हे.

काही गोष्टी उलटही आहेत. मराठीत 'राहत नाही', तेथे नकार आधी येतो: 'नेम लॉकोम'. 'तो' आणि 'ती' यांसाठी एकच सर्वनाम आहे, कारण भाषेत लिंगभेदच नाही. 'दोन', 'पाच' अशा संख्येनंतर नाम एकवचनीच राहते. रोमन लिपीतील 'एस' हे अक्षर 'श' असे वाचले जाते, त्यामुळे बुडापेस्टचा उच्चार 'बुडॉपेश्त' होतो.

सुरुवातीला शब्दांच्या लांब याद्या पाठ करण्याऐवजी एकच नाम घेऊन त्याला चार-पाच प्रत्यय लावून पाहावेत. स्वतःच्या गावाचे नाव त्यासाठी पुरेसे आहे.