कान वाजतो म्हणून गोळी फेकू नका

रात्री घर निजते. सारे शांत होते. तरी कानात रातकिडा किर्र करतोच आहे. बाहेर जाऊन पाहावे तर काही नाही. याला कान वाजणे म्हणतात.

कारणे पुष्कळ. कानात मळ दाटतो, कान फुटतो, वय होते. हिंगणघाटच्या जिनिंगात किंवा थ्रेशरजवळ वर्षानुवर्षे राबणाऱ्याचेही कान वाजतात. औषधानेही वाजतात. हिवतापावर कोयनेल घेतले की कान गुणगुणतात, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे.

उदासीच्या आजारावर गोळ्या असतात. माणसाचे मन कशात लागत नाही, झोप उडते, जीव नकोसा होतो, तेव्हा डॉक्टर त्या देतात. गावात त्यांना ‘वेड्याची गोळी’ म्हणतात. हे नाव मला मुळीच पटत नाही. तापाला गोळी, तशी उदासीला गोळी. मेंदूत निरोप पोचवणारा सेरोटोनिन नावाचा पदार्थ असतो. यातल्या बऱ्याच गोळ्या त्याच्यावर काम करतात. ऐकण्याच्या कामातही तो असतो. म्हणून सर्ट्रालिनसारख्या गोळीने काहींचा कान वाजतो. सर्वांचा नाही, बरं का.

मग एखादा भाऊ चिडतो आणि गोळ्यांचे पाकीट उकिरड्यावर फेकतो. इथेच घात होतो. मेंदूला गोळीची सवय झालेली असते. ती एकदम तुटली की चक्कर येते, मळमळते, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. कान तर वाजतोच, कधी अधिकच. वर जुनी उदासी परतते. तिने जीवही जातो. गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. किंवा ते गोळी बदलून देतात.

आणखी एक गंमत. उदास माणसाला कानातला आवाज फार छळतो. मन सावरले की तोच आवाज कमी जाचतो. म्हणून त्याच गोळीने एखाद्याला उलट आराम पडतो.

आता तुम्हाला लिहिता येते. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, कान केव्हापासून वाजतो, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहा. कागद आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कानाचे आणि मनाचे, दोन्ही डॉक्टर आहेत. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी निघा. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले तर 14416 या नंबरावर फोन लावा. सरकारने ही सोय 2022 साली सुरू केली. पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलता येते.